अधिक वर्षांचा हिशोब : निवृत्तिवेतनांतील वाढीव सेवाकाल व बीड जिल्हा

सरकारी नोकरींतून निवृत्त होणाऱ्या मनुष्याच्या निवृत्तिवेतनाचा हिशोब त्यानें केलेल्या सेवेच्या वर्षांवर होत आला आहे, हें सर्वश्रुत आहे. परंतु या हिशोबांत कांहीं वेळां अशीं वर्षें धरलीं जातात कीं, जीं त्या मनुष्यानें सरकारच्या नोकरींत काढलेलींच नसतात. आणि याच्या उलट कांहीं वेळां प्रत्यक्ष राबून काढलेलीं वर्षें हिशोबांतून गळून पडतात. पहिल्या प्रकारास कार्यालयीन मराठींत 'अर्हताकारी सेवेंतील वाढ' असें म्हणतात. दुसऱ्यास निराळें नांव नाहीं. ज्याच्यावर तो प्रसंग येतो तो त्यास जें नांव देतो तें येथें लिहिण्याजोगें नाहीं.

या दोन्ही प्रकारांची वंशावळ पाहण्याचें आम्हीं प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. आमचा जिल्हा बीड. येथें एकाच घरांत आजोबा निजामी वजीफ्यावर, वडील महाराष्ट्र राज्याच्या पेन्शनवर आणि नातू अंशदान योजनेंत, असें तीन पिढ्यांचें त्रिविध गणित पहावयास मिळूं शकतें. त्यामुळें हा विषय तपासण्यास हा जिल्हा फार सोयीचा आहे. नियमांचे ग्रंथ रुक्ष असतात हें खरें. पण मनुष्याचें आयुष्य राज्यसत्ता कोणत्या मापानें मोजते हें जितकें त्यांत दिसतें तितकें बखरींत दिसत नाहीं.

प्रथम जुन्या शास्त्राकडे वळूं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत भृत्यभरणीय नांवाचें प्रकरण आहे. कामावर असतां जो मेला त्याच्या स्त्रीपुत्रांस अन्न व वेतन मिळावें, असें तेथें विधान आहे. यांत वर्षांची गणना मुळींच नाहीं. सेवक काल नेमलेला असो कीं वीस वर्षांचा जुना असो, मृत्यु राजकार्यांत झाला एवढें पुरे. वर्षांची गणना येते ती शुक्रनीतींत. चाळीस वर्षें ज्यानें राजसेवा केली त्यास पुढें सेवा न घेतां अर्धें वेतन आमरण द्यावें, आणि त्याच्या पश्चात् अज्ञान पुत्रास अथवा सुशील पत्नीस वा कन्येस त्याचें अर्ध द्यावें, असा शुक्राचा निर्णय आहे. आजच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाचेंच हें रूप असें पाहून आमच्या पिढीच्या संस्कृतज्ञांना धन्यता वाटत असे.

ती धन्यता जरा आवरली पाहिजे. गुस्ताव ऑपर्टनें ही नीति मद्रासेस १८८२ सालीं छापली व ती अतिप्राचीन मानली. बंदुकीच्या दारूची कृति प्राचीन भारतीयांस माहीत होती, याचा पुरावाहि त्यानें तिच्यांतच शोधिला. १९६२ सालीं लल्लनजी गोपाळ यांनीं हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकांतील आहे असें प्रतिपादन केलें. आम्हांस हें मत ग्राह्य वाटतें, आणि निवृत्तीविषयीं जो वरील निर्णय आहे तो त्यास पोषकच आहे असें आमचें म्हणणें आहे. नेमकीं इतकीं वर्षें सेवा, त्याबद्दल वेतनाचा नेमका इतका अंश, हा विचार इतर जुन्या नीतिग्रंथांत आम्हांस आढळला नाहीं. तो कचेरींत हजेरीपत्रक ठेवणाऱ्या राज्याचा विचार आहे. इंग्लंडच्या १८५९ च्या निवृत्तिवेतन कायद्यांतहि पूर्ण सेवेची मर्यादा चाळीस वर्षांचीच होती. दर वर्षास वेतनाचा साठावा हिस्सा, आणि फार तर चाळीस हिस्से. शुक्राचार्यांनीं तो कायदा वाचला होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्या पंडितानें शुक्राचार्यांच्या नांवानें लिहिलें त्याच्या कानांवर कंपनीच्या कचेऱ्यांतील गोष्टी आल्या असाव्या, असें मानण्यास हरकत नाहीं.

मराठेशाहींत कौटिल्याचीच रीत चालली होती. लढाईंत पडलेल्या शिपायाच्या मुलांबाळांस जी नेमणूक मिळे तीस बालपरवेशी म्हणत, आणि पेशव्यांच्या दप्तरांत अशा नेमणुकांच्या नोंदी विपुल आहेत. आमच्या जिल्ह्यांत गेवराई तालुक्यांत गोदेच्या कांठीं राक्षसभुवन आहे. तेथें १७६३ च्या ऑगस्टांत माधवराव पेशव्यांनीं निजामअल्लीचा पराभव केला व निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. अशा रणांत जो पडला त्याची नोकरी किती वर्षें झाली हें कोणी विचारीत नसे. त्याच्या मुलाचा प्रश्न एवढाच, कीं बाप धन्याच्या कामीं आला कीं नाहीं. ही पद्धति उदार होती, पण ती धन्याच्या मर्जीवर होती, आणि मर्जी फिरल्यावर दाद मागण्यास जागा नव्हती. दुसऱ्या बाजीरावाचें आठ लक्षांचें पेन्शन त्याच्या मृत्यूनंतर, १८५१ मध्यें, इंग्रजांनीं बंद केलें, नानासाहेबास दिलें नाहीं, आणि त्यावर विलायतेपर्यंत केलेली खटपट फुकट गेली, ही गोष्ट शाळेंतील मुलांसहि ठाऊक आहे. १८७१ च्या पेन्शन ॲक्टानें तर असल्या दाव्यांस दिवाणी न्यायालयाचें दार जवळजवळ बंदच केलें. पेन्शन म्हणजे देणाऱ्याची कृपा, घेणाऱ्याचा हक्क नव्हे, हें तत्त्व त्या कायद्याच्या पोटांत होतें.

आतां निजामी अमलाकडे येऊं. हैदराबाद राज्यांत फार काळपर्यंत उपजीविकेचे जे मार्ग होते ते वर्षांनीं मोजले जात नव्हते, ते वंशानें मोजले जात होते. मनसब, यौमिया, माश, देशमुख-देशपांड्यांचे रुसूम, हीं सर्व जन्माबरोबर येणारीं उत्पन्नें. पहिले सालारजंग १८५३ पासून १८८३ पर्यंत दिवाण होते. त्यांनीं १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली, वसुलाचें काम देशमुखांकडून काढून पगारी अंमलदारांकडे दिलें, आणि त्याबद्दल देशमुखांस रोख रुसूम बांधून दिले. बीड जिल्हा औरंगाबाद सुभ्यांत होता. बीड, गेवराई, माजलगांव, पाटोदा, आष्टी, केज आणि मोमिनाबाद म्हणजे आंबेजोगाई, हीं त्यांतील मुख्य ठाणीं. एकाच कसब्यांत आतां दोन प्रकारचे लोक नांदूं लागले. एकाला कांहीं न करतां पिढ्यान् पिढ्या रुसूम मिळे. दुसरा तहसिलींत कलम घासून पगार घेई व म्हातारपणीं वजीफ्याची वाट पाही. पहिल्याचें उत्पन्न १९५२ च्या रोख अनुदानें रद्द करणाऱ्या हैदराबाद कायद्यापर्यंत चाललें. दुसऱ्याची पद्धति मात्र पुढील राज्याला वारशानें मिळाली.

वजीफा या शब्दाजवळ थोडें थांबलें पाहिजे. हैदराबादच्या कचेरींत नियत वयास जो निवृत्त होई तो 'वजीफा-ए-हुस्न-ए-खिदमत' घेऊन जाई, म्हणजे उत्तम सेवेबद्दलचा वजीफा. आमच्याकडील वृद्ध माणसें पेन्शनर न म्हणतां वजीफायाब म्हणत. मराठींतील 'निवृत्तिवेतन' हा शब्द मनुष्य काय सोडतो तें सांगतो. उर्दू शब्द त्यानें काय केलें तें सांगतो. इंग्रजी पेन्शनचें मूळ लॅटिन भाषेंतील तोलणें या अर्थाच्या धातूंत आहे, आणि सध्यांच्या विषयाला तोच शब्द सर्वांत प्रामाणिक आहे, कारण येथें सर्व कांहीं तोलावरच आहे.

हा तोल निजामी दप्तरांत कोणत्या वजनांनीं होई, हें संशोधकानें नीट समजून घेतलें पाहिजे. नाहींतर जुनें सेवापुस्तक हातीं आलें तरी तें वाचतां येणार नाहीं. तेथील साल फसली. आजुर, दय, बहमन, इस्फंदार अशीं त्याच्या महिन्यांचीं इराणी नांवें, आणि वर्षारंभ ऑक्टोबरांत. फसली सालाचें इसवी करतांना कोणी ५९० मिळवितात, कोणी ५९१. दोन्हीं बरोबर आहेत, पण एकाच वेळीं नव्हेत. आजुरपासून इसवी वर्ष संपेपर्यंत ५९० मिळवावे लागतात, पुढील नऊ महिने ५९१. उदाहरणार्थ जन्म १३१७ फसलींतला असेल, तर आजुर महिन्यांत जन्मलेला १९०७ चा आणि इस्फंदारनंतर जन्मलेला १९०८ चा. सेवापुस्तकांत महिना न लिहितां नुसतें साल लिहिलें असल्यास कारकुनाच्या एका बेरजेनें मनुष्याचें वय एक वर्षानें वाढतें वा घटतें, आणि त्याबरोबर त्याची निवृत्तीची तारीखहि पुढेंमागें सरकते. अधिक वर्ष मिळण्याचा हा सर्वांत स्वस्त प्रकार म्हणावा लागेल. हिजरी चांद्र सालानें मोजल्यास याहून मौज होते. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं लहान. म्हणून तेहतीस सौर वर्षांत जवळजवळ चौतीस चांद्र वर्षें भरतात. आमच्या पंचांगानें हा फरक अधिक मास घालून सांधला आहे. सरकारी पंचांगांत अधिक मास नसतो. तेथें त्याचें काम नियमांच्या पोटकलमांस करावें लागतें.

दुसरें वजन नाण्याचें. हैदराबादचा हाली सिक्का व इंग्रजी कलदार रुपया यांचें प्रमाण सातास सहा असें होतें, म्हणजे सत्तर रुपये हाली वजीफ्याचे साठच रुपये कलदार होत. हाली चलन १९५० नंतरच्या दशकांत बंद झालें. जुन्या हुकमांतील रकमेपुढें 'हाली' हा शब्द आहे कीं नाहीं, हें न पाहतां जो अभ्यासक वजीफ्यांची तुलना करील त्याची सर्व कोष्टकें चुकतील.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी सत्ता संपली. नोकर तेच राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाड्याचे पांच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यांत आले, आणि १ मे १९६० रोजीं त्यांच्यासह महाराष्ट्र राज्य झालें. बारा वर्षांच्या आंत एकाच कारकुनाच्या डोक्यावरील राज्य तीनदां पालटलें. परंतु त्याची सेवा अखंड धरली जाणें अवश्य होतें, नाहींतर पहिलीं वीस वर्षें पाण्यांत गेलीं असतीं. १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमानें ही व्यवस्था केली. एका राज्यांतून दुसऱ्या राज्यास वांटून दिलेल्या नोकराच्या सेवाशर्ती केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवांचून त्याचें नुकसान होईल अशा रीतीनें बदलतां येणार नाहींत, असें त्यांत बंधन घातलें. मुंबई सरकारनें १९५७ सालीं अशा नोकरांसाठीं सामावून घेणें, ज्येष्ठता, वेतन व भत्ते यांचे नियम केले. मराठवाड्यांतील कचेऱ्यांत या लोकांना पुढें कित्येक वर्षें 'ॲलोकेटेड' म्हणत. ज्येष्ठतेवरून त्यांचे मुंबईकडील सहकाऱ्यांशीं जे तंटे झाले त्यांचा इतिहास कोणीतरी लिहिला पाहिजे. येथें त्यास जागा नाहीं.

हें झालें केलेल्या सेवेचें रक्षण. न केलेल्या सेवेची भर ही कल्पना मात्र निराळ्या घराण्यांतील आहे, आणि तिचें मूळ आम्हांस १८५९ च्या त्या इंग्लंडच्या कायद्याच्या चौथ्या कलमांत दिसतें. कांहीं पदें अशीं असतात कीं त्यांस लागणारी विद्या सरकारी कचेरींत बसून येत नाहीं, ती बाहेर शिकावी लागते. वैद्य, कायदेपंडित, स्थापत्यविशारद हे सामान्य कारकुनापेक्षां मोठ्या वयांत नोकरींत येतात. कारकून अठराव्या वर्षीं येऊन चाळीस वर्षें भरतो; वैद्यास तें शक्य नाहीं. म्हणून अशा पदांवर नेमलेल्या मनुष्याच्या सेवेंत वीसपर्यंत वर्षें मिळविण्याचा अधिकार त्या कायद्यानें इंग्लंडच्या खजिन्यास दिला. आयर्लंडच्या सार्वजनिक सेवेंत 'व्यावसायिक अधिक वर्षें' या नांवानें ही सवलत पुढें दीर्घ काळ चालली. भारतांत ती सिव्हिल सर्व्हिस रेग्युलेशन्स या नियमग्रंथांतून आली, पण येथें वीसांचीं पांच झालीं.

१९७२ च्या केंद्रीय निवृत्तिवेतन नियमांतील तिसावा नियम हें तिचें अर्वाचीन रूप. ज्या पदास पदव्युत्तर संशोधन अथवा शास्त्रीय, तांत्रिक वा व्यावसायिक विषयांतील विशेष पात्रता किंवा अनुभव आवश्यक आहे, आणि ज्यावर पंचवीस वर्षांहून अधिक वयाचे उमेदवार सामान्यतः घेतले जातात, त्या पदावरील मनुष्यास तीन मुदतींपैकीं जी सर्वांत कमी ती मिळे: प्रत्यक्ष सेवेचा चतुर्थांश, नेमणुकीच्या वेळीं वय पंचवीसाच्या वर जितकें असेल तितकीं वर्षें, किंवा पांच वर्षें. प्रत्यक्ष सेवा निदान दहा वर्षांची पाहिजे. शिवाय त्या पदाच्या भरतीनियमांत ही सवलत लागू असल्याचें स्पष्ट लिहिलेलें पाहिजे. ही शेवटची अट वरवर क्षुल्लक दिसते. पण नियम करणाऱ्यानें ती एक ओळ घातली नाहीं तर तीस वर्षांनीं एका मनुष्याचें म्हातारपण त्यामुळें आखूड होतें.

पंचवीस हा आंकडा कोठून आला? आमचें उत्तर असें. १९५० च्या सुधारलेल्या नियमांप्रमाणें दर वर्षास वेतनाचा ऐंशीवा हिस्सा मिळे व तीस वर्षांवर वाढ थांबे. त्या काळीं निवृत्तीचें वय पंचावन्न होतें. पंचावन्नांतून तीस वजा केले कीं पंचवीस उरतात. पुढें १९६२ च्या अखेरीस केंद्रानें वय अठ्ठावन्न केलें, आणि कालांतरानें पूर्ण सेवेची मर्यादा तेहतीस वर्षांची झाली. अठ्ठावन्नांतून तेहतीस गेले तरी पंचवीसच. म्हणजे नियमाचा आशय एवढाच, कीं जो विद्येसाठीं पंचविशीनंतर आला तो पंचविसाव्या वर्षींच आला होता असें समजावें. ही वर्षें फुकट दिलेलीं नव्हेत. सरकारनेंच पदासाठीं जी विद्या मागितली ती मिळविण्यांत तीं गेलीं होतीं.

केंद्राच्या एखाद्या शास्त्रीय खात्यांत बीड जिल्ह्यांतील एक मुलगा एकोणतिसाव्या वर्षीं लागला असें समजूं. अठ्ठावन्नाव्या वर्षीं त्याची सेवा एकोणतीस वर्षें. तिचा चतुर्थांश सव्वासात, पंचविसावरील वय चार, आणि मर्यादा पांच. सर्वांत लहान चार. एकोणतीस आणि चार तेहतीस, पूर्ण निवृत्तिवेतन. दुसरा, एकतिसाव्या वर्षीं आलेला. सेवा सत्तावीस, चतुर्थांश पावणेसात, पंचविसावरील वय सहा, मर्यादा पांच. म्हणून पांच मिळाले व बत्तीस झालीं. दहा हजार वेतनावर, तेहतीस वर्षांस निम्में या मानानें, सत्तावीस वर्षांचे ४,०९१ रुपये होतात आणि बत्तीसांचे ४,८४८. महिना साडेसातशेंचा हा फरक आमरण चालतो. छत्तिसाव्या वर्षीं आलेल्याची सेवा बावीस वर्षें. त्यास पांच मिळून सत्तावीस होतात, आणि त्याच्या विद्याभ्यासाचीं आणखी सहा वर्षें कोणाच्याच वहींत नाहींत. १९९८ मध्यें केंद्रानें निवृत्तीचें वय साठ केल्यावर मात्र हा जमाखर्च सैल झाला, कारण मग सत्ताविसाव्या वर्षीं येणाऱ्याचींहि तेहतीस वर्षें आपोआप भरूं लागलीं.

या नियमांत एक कठोरपणा होता. वाढ नियत वयाच्या निवृत्तिवेतनासाठींच होती, दुसऱ्या कोणत्याहि प्रकारच्या नाहीं. जो शल्यविशारद पन्नासाव्या वर्षीं अर्धांगवायूनें अंथरुणास खिळला त्यास ही भर मिळत नसे, जरी शिक्षणांत घालविलेलीं वर्षें त्याचीं व दुसऱ्याचीं सारखींच. ज्याला गरज अधिक त्यालाच नियम पाठमोरा, याचें समाधानकारक कारण आम्हांस सुचलें नाहीं.

याच्या अगदीं उलट स्वभावाची एक भर आहे. वीस वर्षें झाल्यावर जो स्वेच्छेनें निवृत्त होई त्याच्या सेवेंत पांचपर्यंत वर्षें मिळविण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत होती, आणि महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतहि ती आली. पहिली भर विद्वानास बोलावण्यासाठीं, दुसरी नोकरास घालविण्यासाठीं. वहींत मात्र दोन्हीं 'पांच वर्षें' अशींच दिसतात. इंग्लंडांत मनोरुग्णालयांतील वैद्य व परिचारिकांची वीस वर्षांनंतरची प्रत्येक वर्षाची सेवा दुप्पट धरीत. ती सवलत ६ मार्च १९९५ पासून नव्या लोकांस बंद झाली. ती तिसऱ्याच जातीची, श्रमाच्या जडपणाबद्दलची.

भारतांत पेन्शन ही कृपा नव्हे, हें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें १९७१ सालीं देवकीनंदन प्रसाद यांच्या प्रकरणांत आणि १७ डिसेंबर १९८२ रोजीं डी. एस. नकारा यांच्या प्रकरणांत निःसंदिग्ध शब्दांत मांडलें. १८७१ च्या कायद्याचें बीजच त्यामुळें करपलें. यानंतर अधिक वर्षांचा प्रश्नहि याचनेचा न राहतां समतेचा झाला. त्याचें ठळक उदाहरण न्यायाधीशांचें आहे. वकिलींतून उच्च न्यायालयावर जाणारा मनुष्य बहुधा पन्नाशीच्या आसपास जातो व बासष्टाव्या वर्षीं निवृत्त होतो. कनिष्ठ न्यायालयांतून चढत गेलेल्याची सेवा मात्र लांबलचक असते. सर्वोच्च न्यायालयावरील वकील न्यायाधीशांस दहा वर्षांची भर आधींच मिळत होती. २०१४ च्या मार्चअखेर पी. रामकृष्णम राजू यांच्या प्रकरणांत तीच दहा वर्षें उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसहि मिळावीं असा निर्णय झाला, आणि पुढें कायद्यांत तशी दुरुस्ती झाली. औरंगाबाद, आतांचें छत्रपती संभाजीनगर, येथें १९८१ पासून मुंबई उच्च न्यायालयाचें खंडपीठ आहे. बीडच्या कोर्टांत वकिलीस आरंभ करून तेथें नांव मिळविलेला मनुष्य न्यायासनावर चढला, तर अशिलांच्या कामांत गेलेलीं त्याचीं दहा वर्षें आज राज्य आपल्या सेवेंत धरतें. १८५९ च्या चौथ्या कलमाचा वंश अशा रीतीनें न्यायमंदिरांत अद्यापि जिवंत आहे.

इतरत्र तो खुंटला. सहाव्या वेतन आयोगानंतर २ सप्टेंबर २००८ च्या केंद्रीय आदेशानें वीस वर्षांच्या सेवेवर पूर्ण, म्हणजे निम्म्या वेतनाचें, निवृत्तिवेतन देण्याचें ठरलें व अधिक वर्षें मिळविण्याच्या सवलती काढून घेतल्या. तर्क सरळ होता: वीसच वर्षें पुरत असतील तर तेहतीस भरण्याचा खटाटोप कशाला? एकतिसाव्या वर्षीं आलेल्याचा प्रश्न याप्रमाणें भर न घालतां सुटला. नियम रद्द होऊनहि न्याय अधिक झाला, असें क्वचितच घडतें; येथें तें घडलें.

परंतु तोंपर्यंत नव्या माणसांसाठीं वर्षें मोजण्याची पद्धतिच मोडीत निघाली होती. केंद्रानें १ जानेवारी २००४ पासून व महाराष्ट्रानें १ नोव्हेंबर २००५ पासून नेमणूक झालेल्यांस अंशदान योजना लावली. तींत सेवा किती वर्षांची याला अर्थ नाहीं. खात्यांत किती साठलें व बाजारानें त्याचें काय केलें याला अर्थ आहे. आणि येथेंच आमच्या जिल्ह्यांत तो निनांवी दुसरा प्रकार, केलेल्या सेवेच्या लोपाचा, उभा राहिला.

त्याची पूर्वपीठिका अशी. निजामी काळांत खासगी राष्ट्रीय शाळा चालविणें हें राजकारणच होतें. आंबेजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक स्वामी रामानंद तीर्थ यांनीं १९३८ मध्यें लढ्यांत उडी घेतली. त्या पिढीच्या शिक्षकांना वजीफ्याची आशा नव्हती. सरकारी शाळेंतील मास्तरास वजीफा आणि त्याच गांवांतील राष्ट्रीय शाळेच्या मास्तरास हात हालवीत घरीं जाणें, असा भेद होता. स्वराज्यांत तो हळूहळू मिटला. मान्यताप्राप्त व अनुदानित खासगी माध्यमिक शाळांतील शिक्षकांस १ एप्रिल १९६६ पासून निवृत्तिवेतन लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारनें १९६८ सालीं घेतला. ज्यांनीं पूर्वीं अनुदानित शाळेंत काम केलें होतें त्यांची ती सेवा मोजली गेली. आम्हीं स्वतः या निर्णयाचें फळ खात आहों, म्हणून त्याविषयीं कृतज्ञतेनें लिहितों.

पुढें विनाअनुदान तत्त्वावर शाळा निघाल्या. त्यांत शिक्षक नेमले गेले, त्यांच्या नेमणुकांस शिक्षणखात्यानें मान्यता दिली, आणि अनुदान टक्क्याटक्क्यानें कित्येक वर्षांनीं आलें. १ नोव्हेंबर २००५ पूर्वीं नेमलेल्या, पण त्या दिवशीं ज्यांच्या शाळेस शंभर टक्के अनुदान नव्हतें, अशा शिक्षकांस जुनें निवृत्तिवेतन नाहीं असें राज्यानें धरलें, आणि त्यावरून न्यायालयांत वर्षानुवर्षें वाद चालला. दोन शिक्षक समजा. दोघे एकाच वर्षीं, एकाच पदवीवर, शेजारशेजारच्या गांवीं लागले. एकाच्या शाळेस २००४ मध्यें पूर्ण अनुदान आलें, दुसऱ्याच्या २००७ मध्यें. पहिल्याचीं सर्व वर्षें मोजलीं जातात. दुसऱ्यानें अर्ध्या पगारावर वा पगारावांचून फळ्यापुढें उभें राहून काढलेलीं वर्षें वहींत शून्य. दुष्काळी जिल्ह्यांत, जेथें ऊसतोडीस गेलेल्या आईबापांचीं मुलें या शाळांनींच सांभाळलीं, तेथें हें शून्य फार मोठें दिसतें. व्यवसायशिक्षणाबद्दल न केलेलीं पांच वर्षें मिळविण्यास ज्या न्यायबुद्धीनें १८५९ पासून मार्ग काढला, ती न्यायबुद्धि केलेलीं दहा वर्षें मोजण्यास कां अपुरी पडावी, हें आम्हांस उलगडत नाहीं. संस्था अनुदानास पात्र कधीं झाली हा सरकार व संस्था यांच्यामधील प्रश्न आहे. शिक्षकाचें वय त्याची वाट पाहत थांबत नाहीं.

२०२३ च्या मार्चांत जुन्या निवृत्तिवेतनासाठीं राज्यभर सरकारी व निमसरकारी नोकरांचा संप झाला. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राची एकीकृत योजना सुरू झाली. तींत पंचवीस वर्षांच्या सेवेस अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाचें निम्में, आणि त्याहून कमी सेवेस त्या प्रमाणांत, निदान दहा वर्षें झाल्यास महिना किमान दहा हजार रुपये, असें बांधलें आहे. अशा योजनेस महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें २०२४ च्या ऑगस्टांत मान्यता दिली. म्हणजे वर्षांची गणना परत आली आहे, आणि तिच्याबरोबर जुना प्रश्नहि. साठाव्या वर्षीं निवृत्ति धरल्यास पस्तिसाव्या वर्षापर्यंत येणाऱ्याचीं पंचवीस भरतात. विशेष शिक्षण घेऊन अडतिसाव्या वर्षीं येणाऱ्याचीं बावीसच होतात. त्याच्यासाठीं तिसाव्या नियमासारखी तरतूद या योजनेंत नाहीं.

या विषयाचीं साधनें घरोघर नष्ट होत आहेत. फसली सालांचीं सेवापुस्तकें, हाली रकमांचे वजीफ्याचे उर्दू हुकूम, १९५६ नंतरचीं वांटणीचीं पत्रें, अनुदानपूर्व काळांतील शाळांचीं हजेरीपत्रकें, हीं रद्दींत जाण्यापूर्वीं ज्यांच्याजवळ असतील त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाच्या दप्तरांत द्याव्या, आणि फसली साल असल्यास महिना वाचतां येईल अशी काळजी घ्यावी.